जुन्या ड्रमवरचा रॅप (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण): आधी लाकडात खोचलेला, मग नुसता चिकटवलेला. असं का?

तिरकिट_पुणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ड्रमवाले, सुतारकाम जाणणारे आणि रसायनवाले, तिघांचीही मदत हवी आहे.

माहीमच्या एका घरातून दोन महिन्यांपूर्वी १३ इंची लुडविग टॉम (ड्रमसेटमधला मधल्या मापाचा ड्रम) मिळाला. घरातले आजोबा हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवायचे. ड्रम पांढऱ्या मोतिया रॅपचा, आता मात्र दुधात हळद घातल्यासारखा पिवळा. आत लाल शाईत १९६६ चा शिक्का आहे. मेहुण्याने अमेरिकेहून ग्रेचचा एक टॉमही आणून दिला, तो ५० च्या दशकातला, तीन प्लायचा. तिसरा नग म्हणजे माझा कॉलेजच्या दिवसांतला, नव्वदीतला तैवानी सेट.

परवा तिन्ही खोलून बसलो, तर तिघांचा रॅप तीन तऱ्हांनी बसवलेला:

ग्रेचवर रॅपचं एक टोक चक्क लाकडात शिरलंय. बाहेरच्या प्लायच्या सांध्यात खाच आहे आणि रॅपचा पत्रा तिथून आत खोचलाय. लुडविगवर एक टोक दुसऱ्यावर साधारण इंचभर चढवून चिकटवलंय, आणि त्याचा वरचा कोपरा उचकटलाय. तैवानी ड्रमचे लग (चामडं ताणायचे स्क्रू धरणारे धातूचे तुकडे) काढले तर सगळा रॅप बांगडीसारखा निघून हातात आला. लाकडाला तो चिकटवलेलाच नव्हता, फक्त स्वतःच्या टोकाला स्वतः चिकटलेला.

खोचलेला सांधा बघायला किती देखणा. मग तो सोडला का?

---

बोकोबा

पैसे वाचवले. विषय संपला. पुढचा धागा घ्या.

---

सुतारनाना

बोकोबा, एवढं सोपं असतं तर आम्ही सगळ्यांनी खिळेच मारले असते.

तिरकिटराव, प्लायवर सनमायका लावताना कधी बघितलंय का? पांढरा फेविकॉल लावून वर वजन ठेवलं की सपाट फळीवर काम होतं. गोल खांबावर तेच करून बघा. पत्रा सरळ व्हायला बघतो, गोंद ओला असतो, आणि सकाळी येऊन बघावं तर टोक फणा काढून उभं. गोलाईवर दोन्ही बाजूंना लावून वाळवायचं आणि मग टेकवायचं ते रबरी सोल्यूशनच लागतं. टेकलं की धरलं.

ते सोल्यूशन नव्हतं तेव्हा टोक धरून ठेवायला काहीतरी यांत्रिक उपाय करणं भाग होतं. खाच हा त्यातला एक, चुका (बारीक खिळे) हा दुसरा. ते देखणेपण नंतरचं, आधी ती गरज होती.

---

शिकागोकर

नानांनी नेमकं सांगितलं. मी इथे १५-२० वर्षं जुने ड्रम दुरुस्त करतोय (नोकरी वेगळी, हा नाद), म्हणून थोडं विस्ताराने.

हे मोतिया आवरण ड्रमवर आलं १९२० च्या दशकात. पत्रा सेल्युलॉइडचा. तोच पत्रा अकॉर्डियनवर, कंगव्यांवर, पेनांवर आणि हो, संडासाच्या सीटवरही. म्हणून इथले लोक मदर ऑफ पर्लची थट्टा करत त्याला 'मदर ऑफ टॉयलेट सीट' म्हणतात. मोत्याची झाक येते ती माशांच्या खवल्यांतून काढलेल्या चमकीची. पत्रा ओतीव नसायचा. मोठा ठोकळा बनवून त्याचे पातळ काप तासून काढायचे, म्हणून प्रत्येक कापावरची नक्षी थोडी निराळी.

माझ्याकडे ३० च्या दशकातला एक बास ड्रम आहे, त्याच्या सांध्यावर बारीक चुकांची अख्खी ओळ आहे. त्या काळातले बरेच चांगले शेल (ड्रमचं लाकडी नळकांडं) एकाच जाड फळीचे असायचे, मेपलची फळी वाफेवर वाकवून, आत वर-खाली लाकडी कड्या घालून. स्लिंगरलंड कंपनीचे रेडिओ किंग स्नेअर ड्रम हे त्यातले नावाजलेले, ड्रमर जीन क्रुपाने पांढऱ्या मोतिया रंगात ते घराघरात पोचवले. अशा जाड फळीत चूक मारली तर ती धरते. पातळ प्लायच्या शेलमध्ये तीच चूक आरपार आत येईल.

प्लायचे शेल आल्यावर खाचेची सोय झाली. साच्यात शेल बनतानाच बाहेरच्या प्लायच्या दोन टोकांमध्ये फट ठेवता येते. पत्र्याचं एक टोक त्यात सरकवायचं, पत्रा गोल फिरवून आणायचा आणि दुसरं टोक फटीवर बसवायचं. काम सुरेख, पण त्यात एक मेख आहे. शेल आणि रॅप यांचं लग्न जन्मतःच लागतं. पांढरा ड्रम पडून आहे आणि गिऱ्हाइकाला निळा हवाय, तर काही करता येत नाही.

पुढे ग्रेचचे शेल इंडियानातल्या जास्परहून तयार नळकांड्यांसारखे येऊ लागले, सहा प्लायचे. बाहेरच्या कारखान्यातून आलेल्या, सांधे बंद झालेल्या शेलमध्ये कुठली खाच शोधणार?

---

बोकोबा

म्हणजे पैसेच वाचवले की हो. फिरवून फिरवून तेच.

---

शिकागोकर

मालक, थोडं खरं आहे तुमचं. वेळ वाचवला म्हणा.

१९६३ मध्ये लंडनच्या ड्रम सिटी नावाच्या दुकानातून बीटल्सच्या रिंगो स्टारने लुडविगचा सेट घेतला. त्याला भुरळ पडली ती रंगाची, काळ्या ऑयस्टर पर्लची. म्हणजे ज्या पत्र्याबद्दल आपण बोलतोय त्याचीच. ९ फेब्रुवारी १९६४ ला टीव्हीवरच्या एड सुलिव्हन शोमध्ये सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी तो बघितला आणि बास ड्रमच्या तोंडावर 'लुडविग' हे नाव ठळक होतं. त्यानंतर शिकागोच्या डेमन अव्हेन्यूवरच्या कारखान्याला उसंत म्हणून मिळाली नाही, रात्रपाळ्या लागल्या. डझनावारी रंग, प्रत्येक रंगात पाच-सहा मापं. अशा वेळी कोरे शेल रचून ठेवायचे आणि ऑर्डर येईल तसा रंग चढवायचा, हेच शहाणपणाचं. एकावर एक टोक चढवून चिकटवणं त्यात चपखल बसतं.

पण निव्वळ वेळेचाच प्रश्न असता, तर दोन टोकं समोरासमोर भिडवून चिकटवली असती. पत्राही कमी लागला असता. इंचभर वाया का घालवला?

---

तिरकिट_पुणे

हाच माझा पुढचा प्रश्न होता. आणि एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. लुडविगच्या सांध्यालगत, वरच्या टोकाच्या कडेला, वरून खालपर्यंत एक पांढरीशुभ्र पट्टी आहे. चार-पाच मिलिमीटर असेल. बाकी ड्रम हळदुला आणि एवढीच पट्टी नव्यासारखी. आधी वाटलं कोणीतरी पुसलंय.

---

कापूरवाला_अंबरनाथ

तिरकिटराव, ती पट्टी म्हणजे तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे. मी निवृत्त रसायनवाला. ड्रममधलं मला ओ की ठो कळत नाही, पण सेल्युलॉइड कळतं.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. हो, तोच आपला देवघरातला. नुसतं नायट्रोसेल्युलोज ठिसूळ असतं, कापूर घातला की लवचीक होतं. १८७० च्या आसपास हायट बंधूंनी हे साधलं. आता मला सांगा, आरती झाल्यावर कापराची डबी उघडी राहिली तर काय होतं? वड्या लहान लहान होत जातात. वितळत नाहीत, सांडत नाहीत, हवेत उडून जातात.

तुमच्या ड्रमवर तेच चालू आहे, फक्त ५०-६० वर्षांच्या संथ गतीने. पत्रा बनवताना वापरलेलं अल्कोहोलही त्यात थोडं अडकून असतं. कारखाने पत्रे टांगून बरेच दिवस वाळवायचे, तरी सगळं जात नाही. अल्कोहोल आधी जातं, कापूर सावकाश. जे गेलं त्याची जागा भरायला कुणी येत नाही, म्हणून पत्रा आकसतो.

आता पट्टी. सेल्युलॉइड उजेडाने पिवळं पडतं. वरच्या टोकाखाली झाकलेला भाग उजेडापासून वाचला. वर्षानुवर्षं वरचं टोक मागे सरकत गेलं आणि झाकलेला भाग उघडा पडला. तुमची पट्टी बारकाईने बघा. वरच्या टोकाजवळ ती जास्त पांढरी असेल आणि दूर जाताना पिवळसर होत जाईल, कारण तो भाग आधी उघडा पडला.

---

तिरकिट_पुणे

काका, साष्टांग दंडवत! भिंग लावून बघितलं, अगदी तसंच आहे. टोकाजवळ पांढरं, मग साय, मग हळद. झाडाच्या खोडातल्या कड्या मोजाव्यात तसं वाटलं.

---

सुतारनाना

हिशोब करा आता. १३ इंची टॉमचा घेर साधारण ४१ इंच. समजा पत्रा शेकडा १ आकसला, तर जवळजवळ १० मिलिमीटर गेले. २२ इंची बास ड्रमचा घेर ६९ इंच, तिथे साडेसतरा मिलिमीटर. समोरासमोर भिडवलेल्या सांध्यात एवढी फट पडली तर बोट जाईल हो! आणि इंचभर चढवलेला असेल तर टोक सरकतं, पण लाकूड उघडं पडत नाही. म्हणजे तो इंच वाया गेला नाही, तो गाठीला बांधलेला होता.

लाकडाचंही सांगतो. शेलवर तंतू घेराच्या दिशेने जातात आणि लाकूड तंतूच्या दिशेने जवळपास हलतच नाही. उंचीत हलेल, घेरात नाही. म्हणजे लाकूड जागेवर आणि पत्रा आवळत चाललाय. एकाच घरात दोन हट्टी माणसं.

---

कापूरवाला_अंबरनाथ

नाना, हिशोब बरोबर. फक्त एक दुरुस्ती. तिरकिटरावांची पाच मिलिमीटरची पट्टी म्हणजे सगळं आकसणं नव्हे. मधला पत्रा गोंदाने आणि लगच्या स्क्रूंनी अडवलेला आहे, तो सुटलेल्या टोकाएवढा मोकळा नाही. तिथे ताण साठून राहतो. लग काढलेत तेव्हा स्क्रूच्या भोकांपासून निघालेल्या केसासारख्या चिरा दिसल्या का?

---

तिरकिट_पुणे

ग्रेचवर दिसल्या! लुडविगवर एक-दोनच.

---

शिकागोकर

खाचेच्या सांध्याचं दुखणं ते हेच. खोचलेलं टोक हलूच शकत नाही. पत्रा आवळला की एकतर दुसरं टोक सुटतं, नाहीतर पत्रा जिथे खाचेत वळतो तिथे तडकतो, नाहीतर भोकांपाशी चिरा. आणि दुरुस्ती? रॅप काढायचा तर बाहेरचा प्लाय उघडावा लागतो. बनवताना सर्वांत नीटनेटका, म्हातारपणी सर्वांत हट्टी.

याउलट रबरी सोल्यूशन पूर्ण कडक होत नाही. सततच्या ओढीखाली ते हळूहळू सरकू देतं. हा त्याचा दोष समजतात, पण इथे तो पथ्यावर पडला. लुडविगच्या टोकाला सरकायला वाव मिळाला म्हणून भोकांपाशी चिरा कमी.

मग एक पाऊल पुढे. लाकडाला चिकटवूच नका, फक्त टोकाला टोक चिकटवा, पत्र्याला हवं तेवढं हलू द्या. तुमची तैवानी बांगडी ती हीच. त्यात काटकसर आहेच, पण नुसती काटकसर नाही.

---

बोकोबा

बांगडीत काटकसर नाही म्हणता? अख्ख्या शेलला लागणारं सोल्यूशन वाचलं, ते वाळायची वाट बघणारा माणूस वाचला. बाकी तत्त्वज्ञान नंतर चिकटवलेलं. (कोटी मान्य करा.)

---

शिकागोकर

कोटी मान्य, मुद्दा अर्धा मान्य.

---

बँजोवाला_रत्नागिरी

आमची बँजो पार्टी आहे. गणपतीत, शिमग्यात, लग्नात वाजवतो. सेटचे शेल भिजतात, ट्रकमध्ये आपटतात, मांडवात उन्हात तापतात. तुमचं मोतिया सेल्युलॉइड आमच्याकडे एक पावसाळा टिकायचं नाही.

अनुभवाचं सांगतो. पूर्ण चिकटवलेला रॅप पावसाळ्यात मध्येच फुगे धरतो, कारण प्लाय फुगतो आणि ओल आत शिरते. नुसत्या टोकाला चिकटवलेला फुगे धरत नाही, पण टोक सुटलं की सगळाच सुटतो आणि ऐन मिरवणुकीत फडफडतो. आम्ही दोन्हींच्या मधला मार्ग काढलाय: सुरुवातीच्या टोकाखाली दुहेरी टेपची रुंद पट्टी शेलला, मग रॅप ताणून फिरवायचा, शेवटचं टोक सोल्यूशनने, आणि सांधा लगच्या ओळीखाली येईल असा. वरून स्क्रू आवळले की टोक उठायची बिशाद नाही.

एक प्रश्न: चढवलेल्या सांध्यावर हेड (वाजवायचा पडदा) घट्ट बसतं, खालवर करताना तिथेच अडतं. जुन्या लोकांना हा त्रास नव्हता काय?

---

शिकागोकर

फार मोलाचा प्रश्न विचारलात. जुन्यांना तो कमी होता, कारण त्यांचं हेड चामड्याचं. ओलं चामडं लाकडी कडीवर हाताने खोचून बसवायचे. शेल थोडा फुगीर असेल तर कडीही तशी घ्यायची. १९५७ च्या सुमारास प्लास्टिकची हेड बाजारात आली, रेमो बेली आणि चिक इव्हान्स या दोघांची. त्यांना ॲल्युमिनियमची कडी, कारखान्यात ठरलेल्या मापाची. ती तुमच्या शेलसाठी मोठी होणार नाही. त्यामुळे त्याआधीच्या ड्रमांवर आजचं हेड घातलं की ते बऱ्याचदा कोंबावं लागतं.

म्हणजे बघा, इंचभर चढवायचं तर तिथे पत्र्याची दुप्पट जाडी, आणि वरून कडी अडखळणार. चढवलेल्या टोकाचा वरचा कोपराच का उचकटतो त्याचं एक कारण हेही आहे. हेड घालता-काढता कडी तिथेच घासते. काही जण म्हणून रॅप बेअरिंग एजच्या (शेलची कड, जिच्यावर हेड टेकतं) खाली थोडा आधीच थांबवतात. नवे कारखाने शेलच मुळात बारीक मापाचा करतात.

---

चतकोर_टिपेचा

आवाजाचं कोणी बोललंच नाही. पूर्ण चिकटवलेला रॅप शेल दाबतो, बांगडी रॅप शेलला मोकळा ठेवतो. मला तरी फरक ऐकू येतो.

---

बोकोबा

डोळे बांधून?

---

चतकोर_टिपेचा

डोळे उघडे होते, मान्य.

---

सुतारनाना

अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा तुमच्या हेडचं वय आणि खोलीतला पडदा जास्त फरक करतो. पुढे चला.

---

कापूरवाला_अंबरनाथ

पुढे जाण्याआधी एक काळजीची सूचना. तिरकिटराव, तो उचकटलेला कोपरा बसवण्यासाठी हीट गन वापरायचा विचार असेल तर सोडून द्या. हीट गनच्या तोंडाशी ५०० अंशांपर्यंत तापमान जातं, आणि नायट्रोसेल्युलोज दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकतं. पेटलं की फुंकर घालून विझत नाही, कारण ऑक्सिजन त्याच्या स्वतःच्या रेणूत आहे. सँडरही नको, घर्षणाने तापतं आणि भुसा तर त्याहून वाईट.

अवांतर: जुन्या सिनेमांच्या फिती याच नायट्रेटच्या. कोडॅकने त्या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद केल्या. जानेवारी २००३ मध्ये तुमच्याच पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या काळातल्या फिती गेल्या. तुमचा टॉम हा त्या फितींचा चुलतभाऊ आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आणि एक: बंद पेटीत ठेवू नका. सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं. कोंडलेल्या हवेत ती लग आणि स्क्रूंना गंज आणते आणि उरलेल्या पत्र्यालाही लवकर खाते.

---

टेबलटेनिसकर

अवांतरात भर: आमचे चेंडूही २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचेच. मग प्लास्टिकचे आले आणि जुने खेळाडू अजून कुरकुरतात. वाचनखूण साठवली आहे.

---

बोकोबा

नवे रॅप पीव्हीसी किंवा तत्सम प्लास्टिकचे, ते काही असे आकसत नाहीत. मग आज कोणी खाचेकडे परत का जात नाही?

---

सुतारनाना

खाच पाडायला शेल साच्यात असतानाच हात घालावा लागतो. आता मूळ गरजच गेली. पत्रा शांत झाला, सोल्यूशन चांगलं आलं, दुहेरी टेप आली. ज्याला सांधा दिसायला नको तो रॅप न लावता सरळ लॅकर मारतो. सत्तर-ऐंशीनंतर महागड्या सेटवर लाकूडच दाखवायची हौस आली ना?

---

शिकागोकर

नानांना अनुमोदन. रॅप मग स्वस्त सेटची खूण झाला. गंमत अशी की आता जुन्या मोतिया ड्रमांसाठी लोक लॅकरवाल्यांपेक्षा जास्त मोजतात, पिवळेपणासकट. निळा स्पार्कल वरच्या पारदर्शक थराच्या पिवळेपणाने हिरवट झालेला असतो, आणि तोच हिरवा हवा म्हणून गिऱ्हाईक अडून बसतं.

तिरकिटराव, रॅप बदलायचा विचार नाही ना?

---

तिरकिट_पुणे

आधी होता, खरं सांगतो. नवा पांढरा मोतिया मागवायला निघालो होतो. आता नाही.

तीन दिवसांपूर्वी काकांचं कापराचं बोलणं आठवून उचकटलेल्या कोपऱ्याची आतली बाजू अंगठ्याने चोळून वास घेतला. कापूर! एवढ्या वर्षांनी. बायकोने आतून विचारलं, आज कसली पूजा?

मग असं केलं. गच्चीत बसलो, हीट गन नाही, साधा हेअर ड्रायर हातभर लांबून, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंतच. जुनं वाळलेलं सोल्यूशन लाकडी काडीने खरवडलं. ॲसिटोन लावणार होतो, पण ॲसिटोनने सेल्युलॉइडच विरघळतं हे वेळेत आठवलं. नवं सोल्यूशन दोन्ही बाजूंना अगदी पातळ लावलं, वाळू दिलं, टोक बोटांनी मधून कडेकडे दाबत बसवलं. टोक पुढे ओढून पांढरी पट्टी झाकायचा मोह झाला, पण नाना म्हणतात ते हट्टी माणसाचं आठवलं आणि ते थांबलं होतं तिथेच बसवलं. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचे लांब पट्टे कापून घट्ट गुंडाळले.

दोन दिवस तसंच ठेवलं. आज सकाळी सोडलं. कोपरा बसलाय. ग्रेचला हात लावलेला नाही, त्याच्या चिरांवर काय करायचं ते शिकागोकर सांगतीलच.

---

शिकागोकर

काही करायचं नाही. लगचे स्क्रू गच्च आवळू नका, एवढंच. वॉशर घाला.

---

बोकोबा

फोटो टाका. आणि पांढरी पट्टी दिसेल असा टाका.